रत्नमालाबाईंचे बाट

बँकॉकला जायचं ठरलं तेव्हा इंगळ्यांच्या घरात विमानाची भीती कुणालाच वाटली नाही. भांडण जुंपलं ते पैशांवरून. तेही किती न्यायचे यावरून नव्हे, कुठले न्यायचे यावरून.

उत्तमराव इंगळे रेल्वेचे निवृत्त गार्ड. मूळचे अकोल्याचे, बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. आता जवाहर नगरात वरच्या मजल्यावर राहतात. चौतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसल्यामुळे पुढे काय येतंय यापेक्षा मागे काय राहिलं याची काळजी त्यांना जास्त. लेक गौतमी सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरीला. आईबाबांनी एकदा तरी परदेश बघावा म्हणून तिनेच सहा दिवसांची तिकिटं काढली, हॉटेलाचे पैसे भरले आणि आपणही सोबत येते म्हणाली. राहिल्या गौतमीच्या आई, रत्नमालाबाई. ही गोष्ट त्यांची.

इंगळ्यांनी भारत पुष्कळ पाहिला होता, पण पासावर पाहिला होता. वर्षातून एकदा रेल्वेचा पास निघायचा. तिकिटाला पैसा नाही, दशम्या घरच्या, पाणी घरचं, हवा भरायची उशीसुद्धा घरची. अशा प्रवासात पैसे खर्चापेक्षा राखायलाच जास्त नेले जात. उत्तमराव ते चार ठिकाणी वाटून ठेवत, म्हणजे चोराच्या हाती एक वाटा लागला तरी तीन शाबूत. एक बनियनच्या आत शिवलेल्या खिशात, एक ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली, एक गौतमीच्या मोज्यात आणि चौथा रत्नमालाबाईंच्या रुमालाच्या गाठीत. हा चौथा वाटा म्हणजे शंभराची एक कोरी नोट. तिचं नाव अडीअडचणीची नोट. ती मोडायची नाही, हा नियम. अडचण कधी आली नाही, कारण उत्तमराव अडचण यायच्या तासभर आधीच स्टेशनवर हजर असत. घरी परतल्यावर पायातले बूट काढायच्या आधी ते ती नोट मागून घेत. बोधगया, सारनाथ, कन्याकुमारी, दार्जिलिंग; अर्धा देश पालथा घातला बाईंनी, पण स्वतःच्या हाताने कुणाला पैसे देऊन काही घेतलं असं एकाही गावात झालं नाही.

आता मात्र बाईंकडे स्वतःचे पैसे होते. नवरा निवृत्त झाला त्याच वर्षी त्यांनी शिलाई मशीन बाहेर काढलं. बसने बगरूला जायचं, कापड छापणाऱ्या छिप्यांकडून ठशाच्या छपाईचं कापड आणायचं आणि त्याचे कुर्ते शिवायचे. जवाहर नगरच्या बायका आधी नाक मुरडून भाव करत, मग तीन-तीन घेऊन जात. त्यातून सत्तावीस हजार रुपये बाजूला पडले होते. त्यांचं काय करायचं ते बाईंच्या मनात पक्कं होतं. त्या अनोळखी देशात बाजारात उभं राहायचं, जे आवडेल त्याकडे बोट दाखवायचं, आपल्या बटव्यातून पैसे काढायचे आणि मोड परत घ्यायची. एवढंच. साठीला टेकलेल्या बाईने धरावी इतकी साधी इच्छा, पण ती पुरी व्हायला छत्तीस वर्षांच्या संसाराचा नियम मोडावा लागणार होता.

जेवताना विषय निघाला. उत्तमरावांनी जाहीर केलं की डॉलर घ्यायचे. डॉलर जगात कुठेही चालतो, आणि उरला तर घरी ठेवता येतो, कधी वाया जात नाही. गौतमीने कपाळाला हात लावला. तिचा जन्म इथला, शाळा हिंदी-इंग्रजीतली, त्यामुळे तिचं मराठी जरा अडखळत चालतं.

"बाबा, मतलब आजकल कॅश कोण नेतं? कार्ड घ्या ना. मी त्यात पैसे भरून देते. आईने कुठे पण खर्च केला की मला मेसेज येणार. एकदम सेफ."

बाईंनी भाकरी थापता थापता विचार केला. म्हणजे आपण एक शहाळं प्यायलं तरी लेकीच्या फोनवर दवंडी पिटणार. आगीतून निघून फुफाट्यात पडण्यातलाच प्रकार. त्यांनी कार्ड तुझ्या खर्चाला तुझ्याकडेच ठेव म्हणून सांगितलं आणि नवऱ्याला विचारलं, डॉलर घेतले तर माझ्याकडे काय राहील?

"तुह्याजवळ शंभर डॉलरची एक नोट ठेवू," उत्तमराव उदारपणे म्हणाले. "अडीअडचणीले."

"आन् मी ते तिथं एखाद्या दुकानदाराले देली तं?"

"ते मोडाची नसते."

तव्यावरची भाकरी त्या दिवशी एका बाजूने करपली, आणि असं त्यांच्या हातून सहसा होत नाही.

जयपुरात बँकॉकची माहिती काढायला इंटरनेट लागत नाही, एखादा जवाहिऱ्या शेजारी असला की पुरतं. खालच्या मजल्यावरचे पवनजी जोहरी बाजारातल्या एका पेढीसाठी रत्नं निवडायला दर दोन महिन्यांनी बँकॉकला जातात. आपण किराणा आणायला जावं तितक्या सहज. त्यांच्या बायकोचा कुर्ता पोचवायच्या निमित्ताने बाई खाली गेल्या. आडपडदा न ठेवता त्यांनी विचारलं की भैया, बाजारात फिरून चार वस्तू घ्यायच्या तर कुठले पैसे न्यावेत? पवनजींनी एका शब्दात उत्तर दिलं: बाट. म्हणजे तिथलं चलन. तिथल्या फेरीवाल्यासमोर डॉलर धरला तर तो नुसता हसेल. आणि बाटसुद्धा हजाराचे नकोत, वीस-वीसचे, शंभर-शंभरचे घ्या. एम. आय. रोडवर पैसे बदलून देणारे आहेत, पण सुट्या नोटा त्यांच्याकडे रोज नसतात. बँकॉकचं विमान उतरलं की दुसऱ्या दिवशी जवाहिरे खिशात उरलेला खुर्दा तिथे विकून टाकतात, त्या दुपारी जा. उद्या तशी दुपार आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर बाईंनी नवऱ्याकडे आपला पासपोर्ट मागितला. घरातले तिन्ही पासपोर्ट, पॅन कार्डं आणि तिकिटं एका फायलीत होती, फाईल कपाटात होती आणि कपाटाची किल्ली उत्तमरावांच्या जानव्याच्या जागी, म्हणजे गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात होती. पैसे बदलायला चालले, असं बाईंनी सरळ सांगितलं. उत्तमरावांनी किल्ली काढली नाही असं नाही, पण फाईल स्वतःच्या बगलेत मारली आणि चपला घातल्या. आपलेही पैसे त्यांनी बनियनच्या खिशात घालून घेतले. ऑटोत बसल्यापासून एम. आय. रोड येईपर्यंत ते डॉलरचं माहात्म्य सांगत होते आणि बाई बाहेरची दुकानं बघत होत्या.

दुकान लहानसंच होतं. काचेमागे एक चष्मेवाले गृहस्थ, समोर दोन खुर्च्या. बाईंनी खुर्चीवर बसून आपल्याला बाट हवेत म्हणून सांगितलं. चष्मेवाल्यांनी ऐकलं बाईंचं, आणि विचारलं उत्तमरावांना, की सर, किती रकमेचे? उत्तमरावांना ती संधीच वाटली. त्यांनी उलट विचारलं की परत आल्यावर उरलेले बाट विकले तर काय भाव मिळेल? चष्मेवाले प्रामाणिक गृहस्थ. घेताना एक भाव आणि विकताना कमी, थोडं नुकसान होईलच, असं त्यांनी सांगितलं.

"पाह्य," उत्तमराव विजयाने म्हणाले. "वापस आनले का बुडते."

बाई खुर्चीत वळल्या. आवाज त्यांनी चढवला नाही, पण काचेमागच्या माणसाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मले वापस आनाचेच नाईत. कन्याकुमारीले तुमी रिझर्वेशन पाहाले गेलते. एका पोरीनं माह्या गळ्यात शिंपल्याची माळ घालून देली. पंधरा रुपये म्हने. माह्या रुमालात शंभर होते. मी माळ काढून तिले वापस देली. ते पोरगी म्हने, अम्मा, पैसा नहीं है? मी म्हटलं, नाही है."

उत्तमरावांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. सव्वीस वर्षांत बाई कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. ते काहीतरी सांगायला गेले. मोडायची होतीस, मी काय खाल्लं असतं तुला, असंच काहीसं असावं. पण ते तोंडातच राहिलं, कारण त्यांना आठवलं की आपण खरंच रागावलो असतो. ते शेजारच्या खुर्चीवर बसले. फार ओशाळले बिचारे. गार्डाच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, आणि ही मात्र नोकरीइतकीच वर्षं चालू होती.

चष्मेवाल्यांनी घसा साफ करून पुन्हा विचारलं, तर सर, रक्कम?

उत्तमरावांनी फाईल उघडली, बायकोचा पासपोर्ट आणि पॅन कार्ड काचेखालून सरकवलं आणि म्हणाले, "पैसा इनका है. इनसे पूछिए."

मग बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सत्तावीस हजारांत येतील तेवढे बाट, आणि जमतील तितक्या लहान नोटा. चष्मेवाल्यांनी खण उघडला. पवनजींचा अंदाज बरोबर होता. सकाळीच कुणी जवाहिऱ्या येऊन गेला होता. हिरव्या विसाच्या, निळ्या पन्नासाच्या, तांबड्या शंभराच्या नोटांची चळत काचेखालून बाहेर आली. काही दुमडलेल्या, काही मऊ पडलेल्या, एकीला कसलासा मसाल्याचा वास. कोरी एकही नव्हती, आणि बाईंना ते फार आवडलं. या नोटा खर्चायच्याच होत्या, आधी कुणीतरी खर्चून दाखवल्याही होत्या. पावतीवर सही करताना त्यांनी आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं. बटव्याची चेन लागेना, इतका तो फुगला. त्यांना हसू आवरेना आणि त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

डॉलरचं काय, असं चष्मेवाल्यांनी विचारलं. उत्तमराव म्हणाले, आज राहू द्या.

परतीची ऑटो मोतीडूंगरी रस्त्याला लागल्यावर उत्तमरावांनी बटव्याकडे बघितलं.

"मले देशीन का त्यातले थोडेसे?"

छत्तीस वर्षांत हा प्रश्न या दिशेने कधी आला नव्हता. बाईंनी तो दोन क्षण नीट चाखला. मग अगदी त्यांच्याच सुरात विचारलं, "आधी सांगा, घ्याचं काय हाये?"

आता उत्तमरावांची पंचाईत झाली. त्यांनी आयुष्यभर पैसा राखला, पण त्यातून स्वतःसाठी काय घ्यायचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं. सरकारी डगला, सरकारी बूट, सरकारी शिट्टी. त्यांनी विचार केला. उन्हासाठी एक टोपी, असं ते अखेर म्हणाले. गवताची, रुंद काठाची. टोपी घेतली तर फुलाफुलांचा एक सदरा बरा दिसेल. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. माणूस गंभीर होता. मग नावेतून फिरायचं. नावेत बसून काहीतरी खायचं, घरून नेलेलं नाही. गौतमीला न सांगता पाय चेपून घ्यायचे. तिथे म्हणे दुकानंच असतात त्याची. एक घड्याळ, पण खरी वेळ दाखवणारं नको, नुसतं चमकणारं. बाई हसून हसून ऑटोच्या दांडीला टेकल्या, आणि त्यांचं हसणं बघून यादी आणखीच वाढत गेली. ऑटोवाल्यानेही आरसा नीट करून मागे बघितलं.

शेवटी बाईंनी बटव्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं की एवढं सगळं यात बसायचं नाही, हे पैसे माझे आहेत.

उत्तमरावांनी मान डोलावली. हे त्यांना एकदम पटलं. त्यांनी सदऱ्याची वरची तीन बटणं भर रस्त्यात सोडली, बनियनच्या आतल्या खिशात हात घातला आणि ऑटोवाल्याच्या खांद्याला हात लावून त्याला गाडी परत एम. आय. रोडला घ्यायला सांगितली. दुकान सहाला बंद होत होतं.