खड्ड्यातली कुदळ

कुदळ तिच्या नवऱ्याची, खड्डाही तिच्या नवऱ्याचा, आणि चोर म्हणून ओकच्या झाडाखाली उभं केलं होतं तिलाच. केझाया ट्रेम्बथच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ड्राय फोर्कच्या नाल्यात सोनं धुणाऱ्यांचा कायदा साधा होता. ज्याचं हत्यार खड्ड्यात, त्याचा खड्डा. हत्यार नसेल तर खड्डा मोकळा, येईल त्याचा. आणि चोरी केली तर चाबूक, कारण तुरुंग बांधायला वेळ कुणाला होता? इनॉकने सबंध उन्हाळा त्या खड्ड्यातले दगड उपसले होते. तळाची पिवळी माती लागली आणि दुसऱ्याच दिवशी तो तापाने पडला. कुदळ मात्र खड्ड्यात रोवून आला होता. आज सकाळी केझाया पाहायला गेली, तर त्या खड्ड्यात उभा राहून लायमन टफ्ट त्याच कुदळीने खणत होता. तिने ती त्याच्या हातातून हिसकावली, आणि चोरी झाली म्हणून बोंब कुणी ठोकली, तर लायमनने!

गिडियन प्रॅट पिठाचा आणि व्हिस्कीचा दुकानदार. वस्तीत खुर्ची त्याच्याकडेच होती, म्हणून न्यायाधीशही तोच. पंच सगळे नाल्यातलेच खणणारे.

"कुदळ कुणाची?" गिडियनने विचारलं.

"माझी," लायमन म्हणाला.

मॅकार्डल लोहाराने ती उलटीपालटी करून पाहिली. "पातं मी घडवलंय, इनॉकसाठी. लायमन खणायला लागला हेच मला नवीन आहे."

लोक हसले. केझायाला वाटलं, आपण सुटलो.

"असेल बुवा त्याची," लायमनने खांदे उडवले. "मला काठावर पडलेली सापडली. खड्ड्यात काही नव्हतं."

"का, पाय फुटले होते तिला?" केझाया म्हणाली.

"बाई, विचारल्याशिवाय बोलू नका," गिडियन म्हणाला.

पंच कुजबुजले. निकाल लागला. कुदळ बाईंची, तेव्हा बाईंनी चोरी केली नाही. लायमननेही केली नाही, कारण सापडलेली वस्तू उचलणं म्हणजे चोरी नव्हे, आणि त्याला ती खड्ड्यातून काढताना कुणी पाहिलंय? हत्यार नव्हतं म्हणजे खड्डा मोकळा होता. तो लायमनचा.

"म्हणजे आम्ही खायचं काय? औषध कुठून आणायचं?"

"कुदळ मिळाली ना? मग झालं तर," एक पंच म्हणाला. "आम्हाला पण कामं आहेत."

कामं म्हणजे लायमनच्या पैशाने व्हिस्की. सगळे गिडियनच्या तंबूत शिरले. केझाया तिथेच उभी राहिली. लायमनपेक्षाही तिला या बाकीच्यांचा संताप आला होता. यांचे कपडे तिने धुतले होते, तापात यांना पेज पाजली होती. सकाळीच नवी माणसं नाल्याच्या वळणावर उतरली होती आणि जागा शोधत हिंडत होती. त्यांच्याकडे तिने एकदा पाहिलं, मग इनॉकची हातगाडी काढली आणि नाल्यात उतरली.

एका खड्ड्यातली कुदळ तिने उपटली, दुसऱ्यातलं फावडं. हात सोलवटले, पण थांबली नाही. इनॉकच्या खड्ड्यातून लायमनने सकाळीच रोवलेलं फावडं काढून तिथे इनॉकची कुदळ रोवली. गाडी भरून वर आणली आणि गिडियनच्या दारात ओतली.

आवाज ऐकून सगळे बाहेर आले.

"हे काय?" गिडियन म्हणाला.

"सापडली. काठावर पडली होती."

"अगं ए, ते माझं फावडं आहे!" एक पंच ओरडला.

"तुमचंच आहे, घेऊन जा. खड्डा मात्र मोकळा झाला."

"ही चक्क चोरी आहे!" दुसरा म्हणाला.

"कुणी पाहिलंय?" केझाया म्हणाली. "ती वळणावरची माणसं जागा शोधतायत. हाक मारू त्यांना?"

मग सगळे एकदमच बोलायला लागले. ज्याचं जळतं त्याला कळतं, ते असं. रोवलेलं हत्यार काढणं ही चोरीच, कायम चोरीच होती, असं ग्लास हातात धरूनच ठरलं. इनॉकचा खड्डा इनॉकला मिळाला. मग त्याच तोंडांनी लायमनला शिव्या घातल्या, त्याचा सदरा फाडला आणि त्याला ओकला बांधलं. त्याची व्हिस्की अजून त्यांच्या मिशांना लागलेली होती.

गिडियनने चाबूक पुढे केला. "पहिला फटका तुमचा, बाई."

"सकाळी हीच कुदळ होती आणि हाच खड्डा होता," केझाया म्हणाली. "तेव्हा कुठे होता हा चाबूक?"

ती पाहायला थांबली नाही. पाठीमागे फटक्याचा आवाज आला तरी तिचा राग उतरला नाही. तंबूत जाऊन तिने इनॉकला घोंगडीत गुंडाळून हातगाडीवर घातलं.

"कुठे नेतेस?" त्याने विचारलं.

"खड्ड्यावर."

"कुदळ आहे ना तिथे?"

"आहे," ती म्हणाली, आणि तंबूच्या खुंट्या उपटायला लागली.