सातघरांच्या झऱ्याचा नकाशा

मी एक नकाशा बोलतोय. छापखान्यात जन्मलो, पण छापलेला नाही. माझ्या एका अंगावर लग्नपत्रिका आहे, तारीख चुकली म्हणून वाया गेलेली. दुसरं अंग कोरं होतं. त्यावर कृष्णातनं पेन्सिलीनं आपलं गाव काढलं आणि मी झालो.

कृष्णात कोल्हापुरातल्या त्या छापखान्यात मशीन चालवायचा. त्याचं घर गगनबावड्याच्या बाजूला. डांबरी रस्ता संपल्यावर दोन तास डोंगर चढला की एक धनगरवाडा लागतो. घरं सातच, म्हणून नाव सातघरं. तिथं वीज नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. एक झरा तेवढा आहे. कातळाच्या फटीतून येतो, वरच्या कुंडात साठतो आणि तिथून खालच्या डबक्यात पडतो. वरचं कुंड माणसांचं, खालचं डबकं जनावरांचं. कृष्णातची आई धोंडुबाई पायातलं काढल्याशिवाय कुंडाजवळ जायची नाही आणि कुणाला जाऊही द्यायची नाही. उन्हाळ्यात कुंडात वीतभर पाणी उरतं. त्यावर सातही घरं पावसापर्यंत दिवस काढतात.

एप्रिलात छापखान्याचे मालक उदयसिंह आणि त्यांचं मित्रमंडळ सहलीच्या विचारात होतं.

"पन्हाळा नको बाबा," त्यांचे मित्र विजयसिंह म्हणाले. "तितं आता डोंगर कमी आणि गाड्या जास्त."

"मग आमच्या कृष्णाताच्या गावाला जाऊ की! कृष्णात, काढ नकाशा."

मालकानं सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगू, त्याला आनंदच झाला होता. बारा वर्षं तो तिथं राबत होता, पण त्याचं गाव कसं आहे हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. त्यानं मन लावून मला काढलं. करवंदीच्या जाळ्या दाखवल्या, गवे आडवे येतात ती जागा दाखवली, घसरणीचं वळण दोनदा गिरवलं. शेवटी अगदी खाली दोन ओळी लिहिल्या : 'वरचं कुंड पिण्याचं आहे, त्यात हात किंवा भांडं घालू नये. लागेल तेवढं पाणी खालचं घ्यावं.'

मग मला टेबलावर पसरून बेत सुरू झाला. मला वाटलं, आता हे विचारतील, जंगल कसलं आहे, पाखरं कुठली आहेत, तिथली माणसं कशी जगतात. मी अगदी ताठ होऊन पडलो होतो.

"मटण किती घ्यायचं?" कुणीतरी विचारलं.

"मटण कशाला? बकरंच नेऊ. तितंच पाडायचं. ताजं ते ताजं."

"आणि डोंगर कोण चढवणार त्याला?"

"बकरं हाय ते! तुझ्यापेक्षा बरं चढतंय."

सगळे हसले. तांबड्या रश्श्याला तिखट कुणाच्या घरचं, पांढऱ्याला नारळ किती, पातेली कुणी उचलायची, यावर दीड तास चर्चा झाली. डोंगराबद्दल एवढंच ठरलं, की वर सावली असावी.

उदयसिंहांची मुलगी पूर्णिमा बी.एस्सी.ला होती. तिनं मला शेवटपर्यंत वाचलं. "पप्पा, खाली काय लिहिलंय बघितलं का? कुंडात भांडं घालायचं नाही."

"वाहतं पाणी हाय गं ते. संपतंय व्हय?"

दारात उभा असलेला कृष्णात म्हणाला, "मालक, उन्हाळ्यात लई बारीक धार असती. मी संगं येतो, दावतो समद्यास्नी."

"तू आलास तर पत्रिका कोण छापणार? लगीनसराई हाय. आमी बघतो सगळं, तू नको काळजी करू."

म्हणजे ज्याचं गाव, तो मशीनवर. आणि त्याच्या गावाला निघाले अठरा जण, एक बकरं आणि उदयसिंहांच्या खिशात मी.

दुपारी पोहोचलो. खालचं डबकं म्हशींनी गढूळ केलेलं, वरचं कुंड निवळशंख. असल्या वेळी माझ्यावरच्या दोन ओळी कोण बघतो? बकरं कुंडाच्या काठावरच पाडलं. मटण कुंडात धुतलं, जेवणं झाल्यावर पातेलीही तिथंच घासली. धोंडुबाई अनवाणी धावत आली.

"पावणं, न्हाई ओ! प्यायचं पानी हाय ते!"

विजयसिंहांनी हसत हात जोडले. "आक्का, रागावू नगा. या, दोन घास खाऊन घ्या."

ती कुंडाच्या कडेला बसून लाल तवंगाकडे बघत राहिली. पूर्णिमा शरमली. तिनं ओंजळीनं तवंग काढून बघितला, पण तो निघतोय कसला!

आणि तरीही तिनंच ते केलं. निघताना तिनं मला एका कातळावर पसरलं, शेजारी निळ्या फुलांनी लगडलेली अंजनीची डहाळी ठेवली आणि फोटो काढला. चौकटीत नीट बसावं म्हणून खालचा भाग कापला. "अशी जागा लोकांना कळायलाच हवी," ती म्हणाली. मन साफ होतं तिचं. रस्त्याला लागल्यावर रेंज आली, तिनं फोटो सगळ्यांना पाठवला आणि मी तिच्या हातून सुटलो.

पुढच्या रविवारी सातघरांच्या पायथ्याला तीन गाड्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. कुणी कुंडात पाय सोडून बसलं, कुणी साबण लावून अंघोळ केली. चौथ्या आठवड्यात पाच घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. धोंडुबाईला झोळीत घालून डोंगर उतरवला. डांबरी रस्ता दिसायच्या आधीच ती गेली. कृष्णातला दुसऱ्या दिवशी कळलं. तो तेव्हा कुणाची तरी पत्रिका छापत होता.

तेरावं उरकून तो छापखान्यात आला. मी भिंतीवर होतो, सहलीची आठवण म्हणून टाचलेला.

"मालक, माझा नकाशा द्या."

उदयसिंहांनी मान खाली घातली. "चुकलंच आमचं, कृष्णात. पर आईचं वय बी झालंतं की."

कृष्णातनं पुढं केलेला हात मागं घेतला नाही. पूर्णिमानंच मला काढून त्याच्या हातात दिलं. ती रडत होती. "मामा, मी माझा फोटो काढून टाकला. पण तो आता सगळ्यांकडं आहे." तिनं फोन पुढे केला. त्यानं मला तिथं पाहिलं. काचेच्या खालच्या कडेवर बोट ठेवून तो म्हणाला, "हितं दोन वळी हुत्या, पोरी."

परतीच्या एसटीत त्यानं मला खोडलं. वाट खोडली, झरा खोडला. घसरणीच्या वळणाशी कागद फाटला. मला दुखलं नाही, उलट हलकं वाटलं. आता मी त्याच्या खिशात घडी होऊन असतो.

निसर्ग बघायला जरूर जा. पण बेत आखताना आधी एवढं विचारा, की तिथलं पाणी कोण पितं. आणि ज्याचं गाव आहे त्याला सोबत न्या. एवढंसुद्धा जमत नसेल तर घरी बसा. मी हे गोड शब्दांत सांगणार नाही, मला आता तेवढा धीर नाही.

सातघरं आता रिकामी आहेत. माणसं खाली रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्यांत आलीत आणि टँकरची वाट बघतात. कृष्णातनं छापखाना सोडला. रविवारी तो वाटेच्या तोंडाशी बसतो. गाड्या थांबतात, काचा खाली होतात.

"पावणं, झरा कुठं हाय ओ?"

"आटला," तो सांगतो.

ते एकमेकांकडे बघतात, फोनमध्ये मला उघडतात आणि गाडीतलं बकरं उतरवून, त्याला घेऊन वर चढायला लागतात.