बशीतल्या टाचण्या

"आई, तोंड!" मोबाइलमागून लेक ओरडली.

ताईंनी चटकन ओठ मिटले. मिटले म्हणजे काय, ओठांत चार टाचण्या धरून माणसाला जेवढे मिटता येतील तेवढे मिटले. मग तशाच अवस्थेत त्यांनी फ्रॉकच्या कागदी नमुन्याभोवती खडूची रेघ ओढली आणि ओठांच्या फटीतून शिकवलं, "आता ह्या लेघेच्या बाहेल..."

"रेघेच्या म्हण गं!"

"म्हटलं की! हात मोकळे कुठं आहेत माझे?"

हे असं रोज चालायचं. ताई गल्लीतल्या शिंपीणबाई. लग्नाआधीपासून पायमशीन चालवत होत्या, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांची पोटं कधी सुटली हे त्या लोकांच्या आधी त्यांना कळायचं. नववीतल्या लेकीने सुट्टीत काही उद्योग नव्हता म्हणून 'ताईंचा शिवणवर्ग' नावाचं खातं काढलं. मोबाइल बिस्किटांच्या डब्याला रबर लावून बांधला, डबा कपाटावर ठेवला, आणि स्वतः दिग्दर्शक झाली. पहिल्या व्हिडिओत ताई सगळं काही टेपकडे बघून बोलल्या. दुसऱ्यात कात्रीकडे बघून. पण हळूहळू कुठकुठल्या बायका यायला लागल्या. लेकीने त्यांचा एक ग्रुप काढला. त्यावर वाकड्या शिलाईचे फोटो यायचे, उलटी बाही यायची, एकीने तर दोन्ही पाय एकाच बाजूला असलेला पायजमा पाठवला होता. ताई हसून हसून मशीनवर डोकं टेकायच्या. आणि मग नीट, न कंटाळता, प्रत्येकीला आवाजी निरोप पाठवायच्या. "काही बिघडलं नाही. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. कापडाला राग येत नाही."

स्वतःचा व्हिडिओ मात्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. "तू बघितलास ना? झालं तर मग," म्हणायच्या.

त्यामुळे एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलेलं 'ह्या बाई टाचण्या खातात का?' त्यांना कधी कळलंच नाही. लेकीला कळलं. तिच्या वर्गातल्या मुलींनाही कळलं. मधल्या सुट्टीत एकीने डबा पुढे केला. "घे ना. का तुमच्याकडे टाचण्यांवर भागतं?" सगळ्या खो खो हसल्या. लेकही हसली. काय करणार?

त्या संध्याकाळी फ्रॉकचा व्हिडिओ तिने एकटीनेच कापूनकुपून नीटनेटका केला. आईच्या तोंडात टाचणी दिसेल तो प्रत्येक तुकडा उडवला. व्हिडिओ इतका सुटसुटीत झाला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. आणि तो धावला! आजवरचे सगळे मागे टाकून धावला. ताईंनी आनंदाने शेजारणीला चहाला बोलावलं.

चार दिवसांनी ग्रुपवर फोटो यायला लागले. खांद्यांवर अडकलेले फ्रॉक. काखेत काचणारे फ्रॉक. एका फोटोतली छोटी मुलगी दोन्ही हात वर करून रडत होती आणि फ्रॉक तिच्या कानांपर्यंत येऊन थांबला होता.

'ताई, माप चुकीचं दिलंत.'

'चांगलं कापड फुकट गेलं.'

'शिकवता येत नसेल तर शिकवू नये.'

ताई मापं पुन्हा पुन्हा ताडून बघत होत्या. मापं बरोबर होती. तेवढ्यात निळी चिमणी बोलली. तिच्या फोटोच्या जागी चिमणीचं चित्र होतं म्हणून ताई तिला निळी चिमणी म्हणायच्या. आजवर ती कधी काही बोलली नव्हती. नुसता अंगठा पाठवायची. आज तिचा निरोप होता, दबक्या आवाजातला.

"ताई, सगळ्यांचं काय झालं माहीत नाही, पण माझं माझ्याच हाताने बिघडलं असणार. मला लवकर समजत नाही. माझी आई गेली, तिचा एक झगा ठेवला होता, तो कापून मुलीला फ्रॉक केला. खांद्यातून जातच नाही. कापड परत आणता यायचं नाही, ते सोडा. मी कुठे चुकले तेवढं सांगाल का?"

ताईंच्या हातातला टेप घरंगळत खाली गेला.

"तो व्हिडिओ लाव," त्या म्हणाल्या.

"कशाला आई, मी बघते ना..."

"लाव म्हटलं."

ताईंनी स्वतःला पहिल्यांदाच पाहिलं. पडद्यावर ताईंनी नमुना ठेवला. खडूची रेघ ओढली. आणि लगेच कात्री, थेट रेघेवरून, कचाकच.

"थांब. इथं मी काहीतरी बोलले होते."

लेक नख कुरतडत होती.

"माया सोडायला सांगितलं होतं मी. रेघेबाहेर अर्धा इंच कापड शिलाईसाठी जादा ठेवा, मग कापा. हे सांगितल्याशिवाय मी कात्रीला हात लावत नाही. आणि ही कात्री कापडावरची नाहीच, आधी कागदी नमुना रेघेवरून कापतानाची तू इथं जोडलीस. हो ना?"

"तेव्हा तुझ्या तोंडात टाचण्या होत्या."

"मग?"

"लोक हसतात, आई." लेकीचा आवाज एकदम बारीक झाला. "वर्गातल्यासुद्धा."

ताई रागावल्या असत्या, पाठीत धपाटा घातला असता, तर लेकीला बरं वाटलं असतं. त्यांचा हात नुसता ओठांवर गेला आणि तिथेच राहिला. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचा कोट बेतताना तोंडात टाचण्या होत्या. लेकीच्या मुख्याध्यापिका माप द्यायला आल्या तेव्हाही होत्या. म्हणजे ही सगळी माणसं एवढी वर्षं... एका हाताने कापड धरायचं, दुसऱ्याने घडी घालायची, तर टाचण्यांना तिसरा हात आणायचा कुठून? असं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनाही कधी सांगावं लागलं नव्हतं.

"मी लिहिते ग्रुपवर," लेक रडत म्हणाली. "मी कापलं म्हणून लिहिते."

"काही नको. वर्ग कुणाच्या नावाचा आहे?"

"अगं पण चूक माझी आहे!"

"शिकवणाऱ्याने आपलं शिकवणं एकदा बघायला नको? मी बघितलं नाही. मला माझं तोंड बघायची लाज वाटायची." त्या उठल्या. "बांध तो डबा."

लेकीने डोळे पुसत मोबाइल बांधला. ताईंनी पदार्थ झाकायची जुनी बशी आणली, टाचण्या तिच्यात ओतल्या आणि बशी मशीनवर ठेवली.

"आई, तोंडात धर ना. नेहमीसारख्या. मी काही कापणार नाही."

"नको," ताई सहज म्हणाल्या. "दिसतं ते."

मग त्या थेट मोबाइलकडे बघून बोलल्या. टेपकडे नाही, कात्रीकडे नाही. "मैत्रिणींनो, फ्रॉक बिघडले ते तुमच्यामुळे नाही. माया सोडा हे मी तुमच्यापर्यंत पोहोचवलंच नाही. चूक माझी. निळ्या चिमणीबाई, तुम्ही कुठेच चुकला नाहीत. फ्रॉक टाकू नका. दोन्ही कुशी, म्हणजे बाजूच्या शिलाया, उसवा, दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून देऊ. कशी, ते आता दाखवते."

दोन दिवसांनी फोटो आला. फिक्या फुलांचा फ्रॉक, दोन्ही कुशींना पिवळी पट्टी, आणि आत एक दात पडलेली मुलगी. खाली नुसता अंगठा.

लेक धावत मोबाइल घेऊन आली. ताई गिऱ्हाइकाच्या बाहीला घडी घालत होत्या. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मुलीकडे नंतर पाहिलं, आधी शिलाईकडे.

"सरळ आलीय," म्हणाल्या.

मग त्या पुन्हा बाहीकडे वळल्या. एका हातात कापड, दुसऱ्यात घडी. घडी सोडून त्यांचा हात सवयीने ओठांकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. हात क्षणभर हवेत थांबला, आणि मग बशीकडे गेला. तेवढ्यात घडी उलगडली. त्यांनी ती पुन्हा घातली.