उतरणं

कमांडरने मागच्या सीटवर बसून पट्टा आवळला. पुढच्या सीटवर त्याचे गुरू होते. जहाजावर विमान उतरवायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. पुढे युद्धात त्यांचं विमान पडलं, ते शत्रूच्या हाती लागले आणि सहा वर्षं कैदेत राहिले. तोवर शिष्य तुकडीचा प्रमुख झाला होता. आज गुरूंना पुन्हा विमान चालवू द्यायचं का, याची परीक्षा त्यालाच घ्यायची होती.

"गुरूची विद्या गुरूला, काय रे?" पुढून आवाज आला.

"लाजवू नका, सर."

सकाळी तो त्यांना न्यायला घरी गेला, तेव्हा वहिनींनी त्याला दारातच गाठलं होतं. "डॉक्टर म्हणतात, ऑफिसातलं काम घ्या. तेवढंच यांना ऐकू येत नाही. तुम्ही नापास केलंत ना, तर मी मुळीच रागावणार नाही." बोलताना त्या हसल्या होत्या, पण हात दाराच्या कडीवरून सुटत नव्हता.

किनारा मागे पडला. बऱ्याच वेळाने समुद्रावर जहाज दिसलं, एवढंसं. त्यावर उतरायचं म्हणजे चुकीला जागाच नाही.

कैदेत मोडून वाकडी जुळलेली सरांची दोन बोटं विमान वळवायच्या दांड्यावर नीट बसत नव्हती. कमांडरचा हात आपोआप स्वतःच्या दांड्याजवळ गेला. विमान जरा खाली झुकलं. तो "सर" म्हणेपर्यंत इंजिनाचा आवाज वाढलाही होता. चाकं टेकली, मागचा आकडा जहाजावर ताणलेल्या आडव्या दोरात अडकला आणि विमान हिसका देऊन थांबलं. डेकवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सर, मानलं तुम्हाला! सोमवारपासून रुजू व्हा. वहिनींची समजूत मी घालतो."

"तिची कशाला घालतोस? वैमानिकांच्या यादीतून माझं नाव काढून टाक."

"काढून? अहो, एवढं झकास उतरवलंत!"

"हो. उतरवता येतंय अजून." त्यांनी इंजिन बंद केलं. "गेल्या वेळी विमान सोडलं, तेव्हा ते पेटलं होतं. बाहेर फेकला गेलो रे मी. त्याला काय सोडणं म्हणतात?"

कमांडरने पट्टा सोडला. तेवढ्यात डेकवरच्या माणसाने शिडी लावली आणि आधाराला हात पुढे केला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग विमानाकडे तोंड करून, एकेक पायरी चाचपत, ते सावकाश खाली उतरू लागले.