डाव्या हाताची पाकळी

...सुईची भोकं तेवढी उरली होती. जांभळ्या सॅटिनच्या त्या तुकड्यावर बारीक, एका ओळीत. आणि घडीच्या दोन खुणा, एक आडवी, एक तिरपी. सकाळपर्यंत ही पाकळी होती. फुगलेली, कडेला किंचित मुडपलेली, तिच्या हातची. आता टेबलावर चिंधीसारखी सपाट पडली होती, आणि त्यानं अंगठ्यानं कितीही दाबून, वळवून पाहिलं तरी ती पुन्हा पाकळी व्हायला तयार नव्हती.

बघायचंच होतं फक्त. घडी कशी घातलीय, एवढंच... मला उसवायचं नव्हतं.

पण उसवलं होतं. बायको गेली त्याला महिनाही झाला नव्हता आणि तिनं मागे ठेवलेलं जे काही थोडं हाताला लागण्यासारखं होतं, त्यातलं एक त्यानं स्वतःच्या हातानं मोडून ठेवलं होतं. सवय, दुसरं काय. जन्मभर पंख्यांच्या जळक्या मोटरी उघडल्या, जुनी तार उपसली, नवी भरली. उघडल्याशिवाय कळत नाही, हा त्या धंद्याचा पहिला धडा. पण जळकी कॉइल उघडताना काही जात नाही, ती आधीच गेलेली असते. ही पाकळी चांगली होती. कुणी सांगितलं होतं हात दाखवून अवलक्षण करायला?

बाकी पर्स पूर्ण झाली होती. लेकीच्या लग्नाच्या पोशाखातून उरलेलं कापड, आत कॅनव्हास, अस्तर, चुंबकाचं बटण, सगळं तिनं आजारपणाच्या आधीच उरकलं होतं. फक्त झाकणावरचं फूल राहिलं होतं. निम्म्या पाकळ्या टाचलेल्या, उरलेल्यांचे तुकडे कापून बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात ठेवलेले, त्यांच्यावर दोरा ओवलेली सुई. दवाखान्यात ती दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा बोलायची. एक, लग्नाची तारीख हलवायची नाही. आणि दुसरी — "अहो, फुलाचं तेवढं राहिलं."

"घरी आल्यावर कर की."

त्यावर ती नुसती हसली होती. तेव्हा वाटलं, बरं वाटतंय म्हणून हसली...

लग्न आज संध्याकाळी होतं. आणि त्यानं जोडलेल्या पाकळ्या उलट्या तोंडाच्या झाल्या होत्या.

काल कोपऱ्यावरच्या टेलरबाईकडे नेली, तर ती पर्स उजेडात धरून हसायलाच लागली. "काका, हे फूल आहे का भांडण? अर्ध्या पाकळ्या इकडं तोंड करून, अर्ध्या तिकडं!"

"माझ्या चुकल्यात. तेवढ्या सरळ करून द्या."

"तसं नाही जमायचं. हात हाताला मिळत नाही, काका. सगळ्याच काढते आणि एकसारख्या करून देते. तुम्ही चहा घेऊन या, तोवर झालंच समजा." आणि तिनं उसवायचं पातं उचललंसुद्धा. त्यानं पर्स हिसकावली. "अहो, लागेल ना हाताला!" ती ओरडली. तो तसाच घरी आला. जे पातं तिला लावू दिलं नाही ते आज सकाळी स्वतःच लावलं, यावर आता कुणाशी भांडायचं?

"बाबा?" दारात लेक उभी होती, केस अर्धे बांधलेले, तोंडात पिना. त्यानं तुकड्यावर तळहात ठेवला. "तुम्ही अजून आंघोळ नाही केलीत?"

"करतो."

"पर्स राहू द्या. मी आणलीय एक दुकानातून." पिना काढून ती सावकाश म्हणाली, जसं आजारी माणसाशी बोलावं तसं.

"राहू दे ना. दोन असू देत."

"दोन हातांत दोन पर्सा घेऊन बसू? लोक म्हणतील, नवरी आहे का कंडक्टर?" ती हसली, मग तिचं हसू ओठावरच राहिलं, कारण तिला टेबलावरचं फूल दिसलं होतं आणि त्यातली मोकळी जागाही. "आईची... एक कमी झाली का हो?"

"बसवतोय."

ती जाता जाता त्याच्या खांद्याला हात लावून गेली. ती रागावली असती, रडली असती तरी चाललं असतं. त्यानं टेबलाची कड धरली. आता हे जमलं नाही तर ती दुकानातली पर्स घेऊन जाईल, हसत जाईल, आणि हे अर्धं फूल या घरात माझ्यासमोर पडून राहील, रोज, मी मरेपर्यंत...

त्यानं नवा तुकडा घेतला. आडवी घडी, मग तिरपी, कडेला चुणी, टाका. उलटीच. पुन्हा. पुन्हा उलटी. पंख्याची पाती जशी एका कलानं झुकलेली, तशी तिची एकेक पाकळी शेजारणीच्या कुशीत शिरत होती. त्याची मात्र पाठ फिरवून उभी. त्याला, दिशा चुकवणाऱ्या पोरांना दुकानात शिव्या घालणाऱ्याला, दिशाच जमत नव्हती. एक कॉइल उलटी पडली की मोटर फिरत नाही, जागच्या जागी नुसती गुणगुणते आणि तापत जाते. तसंच त्याच्या डोक्यात चाललं होतं. तिचं बघूनच तर शिकलो. इतकी वर्षं रोज संध्याकाळी, हेच टेबल, ती तिथं आणि मी...

इथं.

समोर.

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात जेवताना तिच्या डाव्या कोपराचा त्याच्या उजव्या कोपराला धक्का लागला होता आणि वाटीतलं सगळं तिच्या मांडीवर सांडलं होतं. "डावखुरीशी गाठ आहे, समोर बसा!" ती म्हणाली होती, हसून हसून बेजार. तेव्हापासून तो समोर बसला. खाताना, भांडताना, ती शिवायची तेव्हा. तिचा डावा हात त्याच्या उजव्या हातासमोर, आरशात असावा तसा. तो तिचं तंतोतंत करत होता. आरशातलं करत होता. तिच्या बाजूनं तो कधी बसलाच नव्हता.

तो उठला. टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीशी गेला. त्या खुर्चीत ती गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं. पाहुण्यांना त्यानं काहीबाही सांगून दुसरीकडे बसवलं होतं. बसला. गादीला खोलगट खळगा होता, त्याच्या मापाचा नव्हता. तिची सुई डाव्या हातात घेतली. हात जडशीळ, परक्यासारखा. उसवलेला तुकडा उचलला आणि जुन्या खुणांवरून घडी घातली, आडवी, मग तिरपी, आणि कापड, आश्चर्य म्हणजे, निमूट वळलं. पहिल्या भोकात सुई शिरेना. शिरली ती बोटात. त्यानं बोट चोखलं, पुन्हा धरली.

"बाबा, गाडी आली!"

"आलो," तो म्हणाला आणि उठला नाही.

दम घ्यायला मान वर केली तर समोर त्याची खुर्ची होती. हात घासून पांढरे पडलेले, पाठीवर त्याचा टॉवेल. इथून ती अशी दिसत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. रोज ती इकडेच मान वर करायची, दात लावून दोरा तोडायची, आणि समोर तो असायचा. आता कुणी नव्हतं. आणि त्याला एकाएकी नक्की सांगता येईना की या दोघांतलं गेलं कोण... खुर्ची तर त्याची रिकामी होती. इथं, या बाजूला, डावा हात हलत होता, चुकत, जुन्या भोकांमधून एकेक टाका घालत होता.

तो रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. तो आधी गेला असता तर इथं बसून तिला जेवढं एकटं वाटलं असतं, तेवढंच त्याला वाटलं. सुई पुढच्या भोकाशी टेकली होती.