छोटा बोर्ड चालेल

बाबांनी उभा जन्म ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काढला. गाणाऱ्याचा श्वास कुठे अडखळला, हे काचेच्या अलीकडून ओळखणारा माणूस. आणि निवृत्तीनंतर नेमके त्यांचेच कान उतरणीला लागले. नसा सुकत चालल्यात, असं डॉक्टर म्हणाले. कानात घालायचं यंत्र आणलं, तर बाबांना ते सहन होईना.

"माझाच आवाज दोनदा येतो," ते म्हणायचे. "एकदा माझा, आणि मागोमाग कुणीतरी वेडावल्यासारखा."

आईला तो म्हातारपणीचा त्रागा वाटला. लेकीला नाही वाटला. चिपांचे आराखडे करणं हेच तिचं काम होतं. आवाज साफ करायला यंत्राला क्षणाचा बारीकसा तुकडा लागतो, आणि तेवढा उशीरही बाबांना खुपतोय, हे तिनं ओळखलं. एफपीजीए वापरली, म्हणजे आतली जोडणी आपल्याला हवी तशी बदलता येणारी चिप, तर हा उशीर जवळजवळ नाहीसा करता येणार होता. अशी चिप बसवलेले ऑफिसातले बोर्ड घरी नेता येत नसत. स्वतःचाच एक घ्यायचं तिनं ठरवलं.

रविवारी लॅपटॉप घेऊन ती आईबाबांकडे आली. जेवणाच्या टेबलाशी बापलेक शेजारी शेजारी बसून पडद्यावर बोर्ड पाहू लागले.

"हा सगळ्यात मोठा. हा आपल्यासाठी नाहीच," ती त्यांच्या कानाशी मोठ्यानं बोलत होती. "हा मधला. ह्याच्यावर माइक आणि हेडफोन थेट लावता येतात. आणि हा छोटा. ह्याला आवाजाचं वेगळं कार्ड जोडावं लागेल."

"छोट्यावर काम होईल का?"

"बहुतेक होईल. जरा दाटीवाटी होईल आत."

"मग छोटा चालेल, ठमे. एका म्हाताऱ्याच्या दोन कानांना किती जागा लागते?"

ती हसली. मधल्याची किंमत आपल्याला झेपेल, असं ती एकदा म्हणून बघणार होती. पण बाबा खुशीत होते, आणि त्यांनी पसंत केलेली वस्तू बाजूला सारणं तिच्या जिवावर आलं. छोटा बोर्ड मागवला.

सुरुवात छान झाली. पहिल्याच चाचणीत बाबांनी हेडफोन लावून "हॅलो, हॅलो" केलं. मग हळूच म्हणाले, "एकच आवाज आला."

पण तो नुसता आत घेतलेला आवाज जसाच्या तसा बाहेर सोडला होता. खरं काम पुढेच होतं. कुठला सूर किती उचलायचा, कुठला दाबायचा, हे बाबांच्या कानाबरहुकूम बसवायचं होतं, आणि तो आराखडा त्या चिपमध्ये काही केल्या मावेना. सुरांची एक पट्टी घातली की दुसरी बाहेर. शेवटी नाइलाजानं तिनं मधला बोर्ड मागवायला घेतला, तर तो संपलेला. नवा माल कधी येईल ते दुकानदारालाही सांगता येईना. मग आहे त्यातच तिनं कापाकापी मांडली. ऑफिस सुटलं की तेच, सुट्टीतही तेच. तिकडे बाबा टीव्हीचा आवाज वाढवत वाढवत एक दिवस तो लावायचेच बंद झाले.

आराखडा एकदाचा मावला. रविवारी तिनं सगळं जोडलं, बाबांच्या डोक्यावर हेडफोन ठेवले आणि समोर बसून बोलू लागली.

"खर्ज किंचित वाढव," बाबा डोळे मिटून म्हणाले.

तिनं वाढवला.

"आता कसं! बरोबर बसलंय."

तिचा जीव भांड्यात पडला. बाबा हात धुवायला उठले, ती वायरी गुंडाळायला लागली, आणि तेव्हा तिला दिसलं की माइकचं बटण बंदच होतं. हेडफोनमध्ये एक अक्षरही गेलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी पाठमोरी होती.

"आई, त्यांना ऐकू येत नाहीये."

"हो गं." आई वळली नाही. "पंधरवडा झाला असेल. कुकरची शिट्टीसुद्धा नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, छोट्याचा हट्ट मी केला, पोरगी त्यापायी रात्रंदिवस खपतेय, निदान तिचं काम तरी झालं असं तिला वाटू दे."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मधला घेतला असता तर? तो प्रश्न तिनं नंतर डॉक्टरांनाही विचारला. ते म्हणाले, तेव्हा यंत्र असतं तर थोडे दिवस ऐकलं असतं त्यांनी. कान वाचले नसते. थोडे दिवस. ह्या दोन शब्दांनी तिला पुढे कितीतरी दिवस झोप लागू दिली नाही.

पुढच्या रविवारी ती रिकाम्या हातानं आली. बाबा टेबल पुसून, खुर्ची ओढून तयार बसले होते. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"बटण बंद होतं का?" त्यांनी विचारलं. स्वतःचंच बोलणं ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज जरा जास्तच मोठा लागला.

तिनं मानेनंच हो म्हटलं. तिला रडू आवरेना. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मग ती डोळे पुसून त्यांच्या अगदी समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाहेर छान ऊन पडलंय."

बाबांनी तिच्या ओठांकडे निरखून पाहिलं. "हो, हो," ते म्हणाले. "आत्ताच जेवलो."

दारात उभ्या असलेल्या आईनं काही दुरुस्त केलं नाही. लेकीनंही नाही. "काय जेवलात?" तिनं सावकाश विचारलं.