ओकुमुराबाईंचा शोक

ऊर्मिलाने तिसऱ्या पार्सलवरही स्वतःची सही ठोकली आणि ते वर पोचवायला निघाली. ब्राउनश्वाइगच्या त्या इमारतीत दुपारी घरी सापडणारी ती एकटीच, त्यामुळे सगळ्यांची पार्सलं तिच्याच गळ्यात पडत. वर्ल्डकप संपून तीन महिने झाले तरी जिन्याच्या खिडकीत कुणीतरी लावलेला झेंडा तसाच लटकत होता. पार्सलला उदबत्तीचा वास येत होता.

वरच्या मजल्यावर ओकुमुराबाई राहत. सत्तरीच्या, जपानी, कवयित्री. नवरा मोटारींचा इंजिनिअर म्हणून इकडे आला आणि दोघं इथलीच झाली. बाई तान्का लिहितात, म्हणजे एकतीस अक्षरांत संपणारी पाच ओळींची कविता, एवढं ऊर्मिलाला ठाऊक होतं. एकतीस अक्षरं तर आपली फोनवर नुसतं 'कशी आहेस' विचारण्यात खर्ची पडतात, असं ती नवऱ्याला, जयंतला, हसून म्हणाली होती.

बाईंनी पार्सल उघडलं. आत करड्या कागदात गुंडाळलेली उदबत्त्यांची खोकी होती.

"कुणी पाठवली?" ऊर्मिलाने जर्मनमध्ये विचारलं.

"वाचकांनी. माझे यजमान वारले म्हणून."

ऊर्मिलाचा हात खोक्यावरच राहिला. गेल्या शनिवारी तीच तर बाईंना गाडीतून वृद्धाश्रमात घेऊन गेली होती. हेर ओकुमुरांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, तिच्यासमोर प्लमचा केक संपवला होता, वर तिची बशीही स्वतःकडे ओढली होती.

"पण ते तर चांगले..."

"हो. प्रकृती छान आहे त्यांची."

मग बाईंनी सांगितलं. वसंतात त्यांनी एका मासिकाला तान्कांची मालिका दिली होती, नवरा गेल्यानंतरच्या घरावर. तान्कात 'मी' आला की तो कवी स्वतःच, असं जपानी वाचक धरून चालतो. कुणी चौकशी केली नाही, सरळ उदबत्त्या पाठवल्या.

"पण असं लिहिलंत कशाला?" ऊर्मिलाला राग आला होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालावा, तसलं काहीतरी अभद्र वाटलं तिला.

बाई करड्या कागदाच्या घड्या घालत राहिल्या.

"मी भेटायला गेले की ते विचारतात, आपण कोण? अगदी अदबीने. मग दाराकडे बघत बसतात. बायकोची वाट बघतात. हे लिहून बघितलं मी, नाही जमलं. माणूस गेल्यावर काय होतं ते लिहिता येतं. हे येत नाही."

ऊर्मिलाचा राग ओसरला आणि त्याच्या जागी काय आलं ते तिलाच कळेना.

"शनिवारी संपादक येतायत, निशिदा," बाई म्हणाल्या. "फ्रँकफुर्टला पुस्तकांच्या जत्रेसाठी आलेत, तिथून समाचाराला. त्यांना या मालिकेचं पुस्तक काढायचंय."

"मग सांगून टाका ना त्यांना खरं काय ते."

"एक खोटं निघालं की सगळंच खोटं ठरेल. पन्नास वर्षं लिहितेय मी."

जयंतने रात्री सगळं ऐकून घेतलं. "हे बघ, पार्सल द्यायचं आणि खाली यायचं. तू कशाला मध्ये पडतेस?" तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर ती जास्तच चिडली.

शनिवारी निशिदा आले ते काळा टाय लावून, हातात पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ घेऊन. बाईंनी त्यांना घरात घेतलंच नाही, दारातूनच गाडीपाशी आणलं. आपल्याला दफनभूमीत नेतायत अशी त्यांची समजूत झालेली दिसत होती. मागच्या सीटवर ते फुलं सांभाळत ताठ बसले होते. ऊर्मिलाने आरशातून बाईंकडे पाहिलं.

"नेहमीच्याच ठिकाणी," बाई म्हणाल्या.

हेर ओकुमुरा खिडकीशी बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. बाईंनी त्यांच्याकडे हात करून दोनच शब्द उच्चारले. निशिदांचा चेहरा पांढरा पडला. काय करावं ते न सुचून त्यांनी सवयीने जे करता येतं ते केलं. ते कमरेत वाकले, आणि हातात शेवंती धरून वाकलेलेच राहिले.

हेर ओकुमुरा उठले. त्यांनी टायकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं. दोन्ही हातांनी गुच्छ घेऊन तेही वाकले. मग त्यांनी काहीतरी विचारलं. निशिदा आणखीच खाली वाकले, आणि हेर ओकुमुरा उभ्या उभ्या रडायला लागले.

बाई पुढे झाल्या. त्यांच्या पाठीवर ठेवायला उचललेला हात त्यांनी मागे घेतला आणि त्यांच्यापुढे वाकून हळू आवाजात बोलत राहिल्या. ऊर्मिला दाराला टेकून उभी होती. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी ती काय करणार होती? तिला रडू आवरेना.

निशिदांना स्टेशनवर सोडलं. ते पुस्तकाबद्दल बोलले नाहीत, बाईही बोलल्या नाहीत. घर जवळ आल्यावर बाईंनी तोंड उघडलं.

"यजमानांना वाटलं, त्यांची बायको गेली. म्हणून ती इतके दिवस आली नाही, म्हणाले."

"अहो, मग सांगायचं ना तुम्ही, की मी इथेच आहे!"

"सांगितलं ना. दोनदा सांगितलं. तुमचं मन फार मोठं आहे, म्हणाले मला."

ऊर्मिलाने गाडी दारात उभी केली. बाई उतरल्या नाहीत.

"मग त्यांनी विचारलं, तुमची तिच्याशी ओळख होती का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

बाईंनी सीटबेल्ट सोडवला.

"म्हटलं, होती थोडीशी."